हुंगीने घेतलेलं नाव

फेरचौकशीसाठी अर्ज
(सर्व रकाने स्वहस्ताक्षरात भरावेत. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी. असंबद्ध मजकूर विचारात घेतला जाणार नाही.)

१. अर्जदाराचे नाव, वय व सध्याचा व्यवसाय

ऋचा साळोखे. सत्तावीस. इचलकरंजीजवळच्या एका लोणच्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस. दिवसभर बरण्या तपासते. योग्य, योग्य, अयोग्य, योग्य. माझ्या सहीवर लोक विश्वास ठेवतात.

२. कोणत्या निकालाची फेरचौकशी हवी आहे?

फेब्रुवारी २०४१. अमरावतीबाहेरच्या आमच्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह, ब इमारत. ईश्वरी बोळे, अन्न तंत्रज्ञान, दुसरं वर्ष, खोली अठ्ठावीस. दुसऱ्या मुलीच्या खोलीत विनापरवानगी शिरून तिच्या प्रकल्पाची नासधूस केल्याचा ठपका. शेरा: सिद्ध.

हा शेरा पुसला जात नाही, हे आपल्याला माहीतच आहे. तो राज्यातल्या प्रत्येक वसतिगृहाच्या पडद्यावर दिसतो. ईश्वरीने नंतर अकोल्याला एकदा आणि नागपूरला दोनदा प्रवेश घेऊन पाहिला. कॉलेजने घेतलं, वसतिगृहाने घेतलं नाही. तिच्या गावाहून सकाळी एकच गाडी सुटते आणि ती कारंज्यालाच थांबते. राहायला जागा नाही म्हणजे शिक्षण नाही, इतकं ते साधं आहे.

एकतीस मार्चला जुने नमुने नष्ट होणार आणि त्यानंतर कुठलीही फेरचौकशी होणार नाही, अशी आपली नोटीस वाचली. आज नऊ मार्च आहे.

ईश्वरी निर्दोष आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण ते मी केलं होतं.

३. निकालासाठी वापरलेल्या यंत्रणेची माहिती (थोडक्यात)

हुंगी.

कागदोपत्री तिचं नाव 'सहवास-नोंद प्रणाली' होतं. पण प्रत्येक दाराच्या चौकटीवर जेवणाच्या डब्याएवढी पेटी बसवली, ती सारखी सूं सूं करून हवा ओढायला लागली, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तिला हुंगी म्हटलं. मग तेच नाव पडलं.

माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगावरून तासाला लाखो सूक्ष्म कण हवेत उडतात. त्वचेचे कण असतात, त्यांवर बसलेले जिवाणू असतात. आपल्याभोवती आपलाच एक न दिसणारा ढग असतो, आणि प्रत्येकाचा ढग वेगळा. तुम्ही काय खाता, डोक्याला कुठलं तेल लावता, घरी म्हैस आहे की मांजर, लहानपणी कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलात, हे सगळं त्यात उतरतं. हुंगी हवा ओल्या गाळणीतून ओढते, गाळणीवर अडकलेल्या जिवाणूंची जनुकं वाचते आणि तुमच्या मूळ नमुन्याशी ताडून पाहते. जुलैत, वसतिगृहात प्रवेशाच्या दिवशी, आमच्या कानामागून, कोपराच्या आतून आणि तळपायावरून कापसाचा बोळा फिरवून तो मूळ नमुना घेतला होता. गुदगुल्या झाल्या होत्या.

मुलींच्या वसतिगृहात कॅमेरे लावायला पालकांचा विरोध होता. हुंगीला नव्हता. माहितीपत्रकात लिहिलं होतं: ती पाहत नाही, ऐकत नाही, फक्त नोंद ठेवते. भांडण झालं की दोन्ही बाजूंचं ऐकत बसायला नको. कोण कुठे होतं, किती वेळ होतं, ते ती सांगते.

आमच्या रेक्टर काळमेघ मॅडम पहिल्या सभेत म्हणाल्या होत्या, "मुलींनो, बावीस वर्षं मी तुमची भांडणं ऐकली. कोणाचा शाम्पू, कोणाचा गाऊन, कोणी लाइट चालू ठेवला. आता माझे कान सुटले."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी तंटा समितीची विद्यार्थी सचिव होते. हुंगीचे अहवाल काढणं, इतिवृत्त लिहिणं आणि जानेवारीत सगळ्यांचे नमुने नव्याने घेतले जातात की नाही ते पाहणं हे माझं काम. नमुने नव्याने का घ्यायचे, तर माणूस बदलतो म्हणून. माहितीपत्रकात ते अगदी बारीक अक्षरात होतं.

४. आपला व दोषी ठरलेल्या व्यक्तीचा संबंध

रूममेट. नुसतं तेवढंच लिहून चालणार नाही, कारण चूक इथेच आहे.

माझं गाव कागलजवळ. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागला म्हणून एवढ्या लांब आले. पहिल्याच आठवड्यात ईश्वरीशी भांडण झालं. ती पहाटे उठून मोठ्याने पाठांतर करायची, आणि मी तिच्या तव्यावर अंड्याची पोळी केली होती. दोघींनीही तक्रार केली.

आमच्या मेसमध्ये अशा तक्रारींवर हुंगीच्याही आधीपासून एक उपाय होता. त्याला एकताट म्हणायचे. ज्या दोघी भांडल्या त्यांनी आठ दिवस एकाच ताटात जेवायचं. ताट एक, वाटी एक, पेला एक. मेसच्या शेवंतामावशी स्वतः वाढायच्या आणि समोर उभ्या राहायच्या. हुंगी आली तरी एकताट बंद पडलं नव्हतं. ते कुठल्याच नियमावलीत नव्हतं, म्हणून पेट्या बसवणाऱ्या माणसांना ते कधी कळलंच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ताटाच्या मधोमध भाताची भिंत घातली.

"इकडं नको येऊस," मी म्हणाले. "मी माझ्या बाजूचंच खातो."

ईश्वरीने घास खाली ठेवला. "खातो? तू पोट्टी हायेस का पोट्टा व?"

"आमच्यात पोरी असंच बोलतात."

"बाप्पा! मंग भांडाले बी मजा येईन." तिने भिंतीला बोटाने भोक पाडलं आणि माझ्या बाजूचं वरण आपल्याकडे ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी भिंत गेली. आठ दिवस संपले तरी आम्ही एकाच ताटात जेवत राहिलो. थंडीत पलंग जोडले. तिच्या आईने शिवलेली गोधडी दोघींवर. तिच्या घरचं जवसाचं तेल माझ्या डोक्याला, कंगवा एक, तिच्या डब्यातली चटणी, तिच्या मडक्यातलं दही. माझ्या घरून काही येत नसे, लांब पडायचं. म्हणजे मी तिचं खाल्लं, तिचं पांघरलं, तिचं लावलं. ती तिच्यासारखीच राहिली. मी बदलले.

डिसेंबरात गच्चीवर जायला बंदी असताना मी वर गेले. तिथल्या दारावरच्या हुंगीने नोंदवलं: ईश्वरी बोळे. वाचनालयात मी पुस्तक उशिरा ठेवलं. हुंगी: ईश्वरी बोळे. अहवाल मीच काढत होते, त्यामुळे पहिल्यांदा मीच वाचलं. धावत खोलीत गेले.

"ईश्वरी, मी संपलो! हुंगीला मी दिसतच नाही. मी कुठंही गेलो तरी ती तुझं नाव सांगतीय."

"बरं झालं," ती म्हणाली. "परीक्षेले बी तूच बस माह्या नावानं."

जानेवारीत नमुने नव्याने घ्यायची तारीख आली तेव्हा आम्ही दोघी तिच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. परत आल्यावर नमुना केंद्रावर जाऊन कापसाचे बोळे देऊन यायचं होतं. मी यादीत खोली अठ्ठावीससमोर दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि यादी पाठवून दिली. कंटाळा आला होता. दुसरं कारण नाही.

म्हणजे हुंगीकडे माझ्या नावापुढे जो नमुना होता तो जुलैमधल्या मुलीचा होता. तशी मुलगी आता वसतिगृहात राहत नव्हती.

५. घटनेच्या वेळी आपण कुठे होता?

खोली चौतीस. निहारिका देव्हारेच्या शेल्फसमोर.

निहारिका आमच्या वर्गात होती. तिचा प्रकल्प ज्वारीच्या आंबिलीच्या विरजणावर होता. प्रयोगशाळेत वीज सारखी जायची म्हणून तिने परवानगी काढून आठ बरण्या खोलीत ठेवल्या होत्या. त्या आठवड्यात सरांनी वर्गात तिचा आणि माझा प्रकल्प-अहवाल परत दिला. तिच्या अहवालावर ते पंधरा मिनिटं बोलले. माझा हातात देताना म्हणाले, "नेटका आहे."

मी नेटकीच होते. लहानपणापासून सगळे तेवढंच म्हणतात.

रविवारची दुपार होती. मेसमध्ये फीस्ट होतं, सगळ्या तिकडे. ईश्वरी मागच्या अंगणातल्या नळावर गोधडी धुवायला गेली होती. उघड्यावर हुंगी नसते. मी चौतीसचं दार ढकललं, ते नुसतं लोटलेलं होतं.

मला फक्त बघायचं होतं. हे वाक्य मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले आहे आणि ते पहिल्या मिनिटापुरतं खरं आहे. मी एक झाकण उघडलं. आंबट, थोडासा गोड, नुकत्या दळलेल्या पिठासारखा वास आला. फार चांगला वास होता. मला कळत होतं की हे काम चांगलं आहे. म्हणून मी बोट बुडवलं. चाखलं. मग तेच बोट दुसऱ्या बरणीत, मग तिसऱ्या. आठही झाकणं लावली, पण सैल. शेवटच्या बरणीपर्यंत मी काय करत होते हे मला पक्कं माहीत होतं.

नंतर हात धुतला आणि फीस्टला गेले. बासुंदी होती. दोन वाट्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी बरण्यांवर काळपट बुरशी धरली. निहारिका जिन्यात बसून रडत होती. मी तिला पाणी आणून दिलं.

६. चौकशीचा तपशील

स्थळ रेक्टर कार्यालय, सकाळी अकरा. हजर: काळमेघ मॅडम, निहारिका, ईश्वरी, आणि इतिवृत्त लिहिण्यासाठी मी.

हुंगीचा अहवाल मीच छापून आणला होता. छापण्याआधी वाचला. खोली चौतीस, रविवार, एक वाजून सात मिनिटं ते एक वाजून अठरा. ईश्वरी बोळे. साम्य ब्याण्णव टक्के. कागद गरम होता. यंत्रातून येणारा कागद गरमच असतो.

मॅडमनी तो वाचून दाखवला.

"मी नाई गेली," ईश्वरी म्हणाली. "मी गोधडी धूत होती."

"कोणी पाहिलं?"

"सगळ्या जेवाले होत्या. कोन पाहीन?"

निहारिका म्हणाली, "मग काय तुझा ढग एकटाच फिरायला आला होता का माझ्या खोलीत?"

ईश्वरी हसणार होती. खरंच, तिला ते विनोदी वाटलं असावं. तिचं तोंड अर्धं उघडलं आणि तिथेच थांबलं. मग तिने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी वहीत बघत होते. पण माणूस आपल्याकडे बघतो ते कळतं.

"बाळा, नीट ऐक," मॅडम तिला म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता. "नियमाप्रमाणे तुला फेरनमुना मागता येतो. तुझा, आणि तुला जिच्यावर संशय असेल अशा आणखी एकीचा. तू फक्त नाव सांग. आज संध्याकाळपर्यंत निकाल येईल."

एक नाव. तिने ते घेतलं असतं तर बोळा माझ्या कानामागून फिरला असता आणि संध्याकाळी सगळं संपलं असतं. जानेवारीतल्या खोट्या खुणांसकट.

दारावरची पेटी सूं सूं करत होती.

"नाव घ्याचं का नाई, ते माह्यावर हाय ना?" ईश्वरीने विचारलं.

"हो."

"मंग मी कोनाचं नाव नाई घेत. ज्याले सांगाचं असंन तो सांगंन."

"बघा मॅडम," निहारिका म्हणाली, "नाव आहे कुठे घ्यायला?"

मॅडमनी चष्मा काढला. "ऋचा, तू हिची रूममेट. तू सांग. तुला काही माहीत आहे?"

मी वर पाहिलं. मॅडमकडे, ईश्वरीकडे नाही.

"मशीन आहे मॅडम. मी काय सांगणार?"

आणि मग मी लिहिलं. ते इतिवृत्त आपल्या दप्तरात असेल, पान काढून पाहावं. माझंच अक्षर आहे. 'संबंधित विद्यार्थिनीने फेरनमुना मागण्यास नकार दिला.'

वाक्य खरं आहे. मी सहा वर्षांत त्याच्याइतकं खोटं वाक्य लिहिलेलं नाही.

७. निकालाचे परिणाम

शुक्रवारी तिचे वडील न्यायला आले.

बोळेकाकांना मी हुरड्याला भेटले होते. तेव्हा त्यांनी मला कणसं भाजायला शिकवलं होतं आणि माझं 'मी खातो, मी जातो' ऐकून पोट धरून हसले होते. आता ते खोलीच्या दारात चपला काढून उभे होते. आत येईनात. मुलींची खोली म्हणून. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या दोन पेंढ्या होत्या.

"एक तुह्यासाठी आनली पोरी," ते मला म्हणाले. "हिच्या मायनं दोन बांधून देल्या. तिले मी अजून सांगतलं नाई काय झालं ते. भेटाले चाललो म्हनलं."

मी पेंढी घेतली. ओली होती, देठांना माती.

"माही पोरगी अशी नाई व," ते म्हणाले. "पन मशीन तरी खोटं काऊन बोलंन? मशीनची का दुश्मनी हाय तिच्याशी?" ते खरंच विचारत होते. मी शिकलेली होते, समितीवर होते. "तुले काय वाटते?"

"मला... मला नाही सांगता येत काका."

"तू बी का करशीन. लहान हायेस." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी समजूत काढली त्यांनी.

ईश्वरी आतून म्हणाली, "बाबा, तुमी खाली थांबा. आवरते माहं."

ते गेले. आम्ही दोघीच. ती गोधडीचं एक टोक धरून उभी होती. मोठी गोधडी एकटीला दुमडता येत नाही. मी दुसरं टोक धरलं. टोकाला टोक जुळवायला जवळ आलो, मागे गेलो, पुन्हा जवळ आलो. तिसऱ्या घडीला तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. दाराबाहेर कुणी नव्हतं, वडील अजून जिन्यातच असतील.

मी म्हणाले, "गाडी किती वाजता आहे?"

तिने गोधडी माझ्या हातातून काढून घेतली.

"तूच राहिली आता इथं," ती म्हणाली. "हुंगीले सांग, नीट ओळखत जाय म्हना."

ईश्वरीचा नमुना हुंगीतून काढून दप्तरात ठेवला गेला. त्यानंतर मी एकटी जेवले, एकटी झोपले, कोल्हापूरहून तेल मागवलं. जुलैत नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा नवा नमुना दिला. वर्षभर हुंगीने एकदाही चूक केली नाही. ती प्रत्येक वेळी माझंच नाव सांगायची. निहारिकाने दुसऱ्या बरण्या लावल्या आणि सुवर्णपदक घेतलं. तंटा समितीच्या निरोप समारंभात मॅडमनी मला नेटक्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते फाडावं असं फार वाटलं. फाडलं नाही, नोकरीच्या अर्जाला जोडलं.

८. निकाल चुकीचा असल्याचा पुरावा

जुलै २०४० मधले आमचे दोघींचे मूळ नमुने आपल्याकडे आहेत. घटनेच्या दिवशीची खोली चौतीसची गाळणी आपल्याकडे आहे. जुलै २०४१ मधला माझा नमुनाही आहे, पण तोपर्यंत चार महिने मी एकटी राहिले होते, म्हणून तो एकटा पुरेसा नाही. खोली चौतीसची गाळणी डिसेंबरातल्या गच्चीच्या गाळणीशी ताडून पाहावी. गच्चीवर मी गेले होते. त्या वेळी ईश्वरी तिच्या ऐच्छिक विषयाच्या पेपरला परीक्षागृहात होती, तिथल्या हजेरीपटावर तिची सही आहे. दोन्ही गाळण्यांवरचा ढग एकच निघेल. ज्वारी, जवस, त्या घरचं दही, आणि तळाशी थोडंसं कागलचं पाणी. तेवढं थोडंसं मी आहे.

जानेवारी २०४१ ची यादीही पाहावी. खोली अठ्ठावीससमोरच्या दोन खुणा खोट्या आहेत. नमुना केंद्राच्या नोंदीत त्या दिवशीचे आमचे कापसाचे बोळे सापडणार नाहीत.

हा पुरावा काढायला मला एक दुपार लागली. सहा वर्षांपूर्वीही एकच दुपार लागली असती.

९. अर्जास विलंब का झाला?

~~मी घाबरले होते.~~

(खोडलेला मजकूर अर्जदाराने स्वतः खोडला आहे. कारण रकाना १० मध्ये.)

१०. दोषी ठरलेल्या व्यक्तीचे म्हणणे (घेतले असल्यास)

काल घेतलं.

कारंज्याच्या बाजार समितीसमोर एक कृषी सेवा केंद्र आहे. ईश्वरी तिथे बियाण्यांची उगवण तपासते. ओल्या गोणपाटात बी गुंडाळून ठेवायचं, आठवड्याने उघडून बघायचं. मी गेले तेव्हा ती जमिनीवर बसून असंच एक गोणपाट उलगडत होती. थोडी जाड झाली आहे. केस कापलेत.

तिने मला ओळखायला एक क्षणही घेतला नाही.

"बस," ती म्हणाली. "चहा घेशीन?"

"नको."

"घे. उन्हातून आली." तिने पोऱ्याला हाक मारली नाही, स्वतः उठून थर्मासमधून ओतला. एकच कप होता. तो तिने मला दिला.

मी अर्ज पुढे केला. कसं बोलायचं ते गाडीत रात्रभर ठरवत आले होते, त्यातलं काही आठवलं नाही.

ती वाचायला लागली. हळू, एकेक रकाना. मध्येच एक शेतकरी आला. "ताई, त्या तुरीचं काय झालं व?"

"अर्धीच उगवली दादा. पेरू नका ते. पावती घेऊन या, बदलून देते," ती म्हणाली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

एकताटापाशी तिच्या ओठांचा कोपरा हलला. वडिलांच्या रकान्यापाशी तिने कागद मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काका कसे आहेत. बरे हायेत, म्हणाली. मग पुन्हा उचलला. आणि नवव्या रकान्यापाशी थांबली.

"हे काय लिहिलं?"

"काय?"

"घाबरली होती म्हनून."

"होते ना. मी खूप..."

"नाई." तिने बोट त्या ओळीवर ठेवलं. बोटाला ओली माती होती, तिचा डाग कागदावर आहे. "बाकी सारं खरं हाय. हे खोटं हाय. मी पाहत होती ना तुह्याकडं. सारा वेळ तुह्याकडंच पाहत होती. अन् नंतर मॅडमनं तो कागद मले सही कराले देला. सही वाकडी आली माही. अन् वर तुहं अक्षर. एवढं सुंदर. एक काना हालला नव्हता."

मी त्या ओळीवरचा मातीचा डाग बघितला.

"घाबरलेलं मानूस असं लिहिते का व?"

"ईश्वरी, मला माफ..."

"त्याचा रकाना हाय का ह्याच्यात?"

"नाही."

"मंग राहू दे." तिने खिशातलं पेन काढून मला दिलं. आवाज चढला नव्हता. बियाणं परत करणाऱ्या माणसाशी बोलावं तसा होता. "हे खोड. अन् काऊन उशीर केला, ते खरं लिही. मंग मी खाली सही करते. खोट्या कागदावर एकदा केली, आता नाई करत."

मी खोडलं. पेन घेऊन बसून राहिले. ती तिच्या कामाला लागली. दुसरं गोणपाट उलगडलं, तिसरं उलगडलं. चहावर साय धरली. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा मी लिहिलं, आणि तिने ते उभ्यानेच वाचलं, सही केली, आणि शटर ओढायला घेतलं. एका बाजूने ते अडकत होतं. मी हात लावायला गेले.

"नको," ती म्हणाली. "मले जमते."

९. (दुरुस्त) अर्जास विलंब का झाला?

अहवालात तिचं नाव निघालं तेव्हा मी घाबरले नाही. ती माझं नाव घेणार नाही याची मला खात्री होती.